पुढे समुद्र, मागे दरड

नोकरीची सगळी वर्षं मी रायगड जिल्ह्यातल्या शाळांमध्ये नववी-दहावीला भूगोल शिकवला. हरितगृह परिणाम हा तेव्हा फार तर चार गुणांचा प्रश्न होता, आणि पोरं तो ऑप्शनला टाकायची. निवृत्तीनंतर श्रीवर्धन तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या सासरच्या वाडीत कायमची राहायला आले. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं. तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी विचारतंच : “बाई, हे टळेल का?”

बरंचसं टळणार नाही. एवढं सांगून झाल्यावर माणसाशी बोलण्यासारखं काय उरतं, ते मला हळूहळू कळत गेलं. तेच इथे आकडे घालून लिहिते. क्रमाला विशेष अर्थ नाही, आकडे घालायची सवय मास्तरकीची.

१. अटळ काय आणि अटळ नसलेलं काय, याच्या दोन वेगळ्या याद्या कराव्यात.

“आता सगळं हाताबाहेर गेलंय” हे वाक्य मी सुशिक्षितांच्या तोंडून जास्त ऐकते. त्यात दोन निराळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते, म्हणून ती आधी वेगळी करते.

पहिल्या यादीत समुद्र. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि वाढीचा वेग आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. हरितगृह वायूंमुळे जी जादा उष्णता पृथ्वीवर अडकते, तिच्यातली ९० टक्क्यांच्या आसपास समुद्र पोटात घेतो. पाणी तापलं की फुगतं. ही उष्णता खोल थरांपर्यंत पोचायला शतकं लागतात आणि बर्फाच्या चादरीही त्याच संथपणे वितळतात. त्यामुळे उद्या सकाळी जगातली सगळी धुराडी बंद झाली, तरी समुद्र चढत राहणार. माझ्या नातवंडांच्या नातवंडांनाही तो चढतानाच दिसेल. ही गोष्ट कोणत्याही परिषदेत ठराव करून मागे घेता येणार नाही.

दुसऱ्या यादीत तापमान, आणि इथे लोक चकित होतात. मला स्वतःला बरीच वर्षं वाटायचं, की तापमानही समुद्रासारखंच आपल्या गतीने चढत राहील. शास्त्रज्ञांचा आजचा निष्कर्ष वेगळा आहे. माणसाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आलं, की तापमानाची वाढ जवळपास तिथेच थांबते. झालेली वाढ खाली येत नाही, पण पुढची होत नाही. ढोबळ हिशेब असा : दर एक हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे साधारण ०.४५ अंश. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत हा वायू दहा लाख भागांत २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. २०२४ हे वर्ष त्या जुन्या काळापेक्षा दीड अंशाहून जास्त गरम गेलं. एका वर्षावरून पॅरिस कराराची मर्यादा मोडली असं म्हणत नाहीत, पण ती हातातून सुटत चालली आहे हे उघड आहे.

म्हणजे दीड अंशाचं तापमान बहुधा पहिल्या यादीत गेलं. दोन, अडीच, तीन अजून दुसऱ्या यादीत आहेत. २०१५ च्या करारापूर्वी जग ज्या वाटेवर होतं ती शतकाअखेर साडेतीन-चार अंशांकडे जाणारी होती. आजच्या धोरणांची वाट तीनच्या थोडी अलीकडे थांबते. तीन अंश भयंकरच, पण चारच्या मानाने ते निराळं जग आहे. प्रवाळांचंच बघा. दीड अंशाला जगातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील असा अंदाज आहे, दोन अंशांना जवळपास सगळे. अर्ध्या अंशात एवढं अंतर.

जे अटळ आहे त्याच्याशी भांडत बसलं की माणूस दमतो. आणि जे टाळता येतं तेही अटळ म्हणून सोडून दिलं, की ज्यांनी ते टाळायला हवं होतं त्यांची आयती सुटका होते.

२. संकट सिनेमासारखं येत नाही.

निसर्ग वादळाचा जोर आमच्याकडे काही तासांचा. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, पत्रे उडताहेत, किनाऱ्यावरचं सुरूबन एका अंगाला झोपलेलं. टीव्हीवाले आले तेव्हा त्यांना दाखवायला हे सगळं होतं. लॉकडाउन चालू होता, तरी आले. मग गेले.

खरं नुकसान त्यांच्यामागून सुरू झालं. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पोफळ हे उंच, बारीक, एका खांबासारखं झाड. वाऱ्याने मधूनच मोडतं. मोडलेल्या पोफळीला फुटवा येत नाही. नवीन रोप लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं, भर उत्पन्नाला त्याहून जास्त. माड पुष्कळसे तगले, पोफळी गेल्या. आणि पोफळींच्या सावलीत मिरीचे वेल, जायफळ, केळी. ती सावली गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात जायफळाची पानं करपली. वीज कित्येक आठवडे नव्हती, म्हणजे पंप नाही, म्हणजे शिंपणं नाही. आडवी झालेली झाडं उचलायला माणूस मिळेना. ती कुजली, त्यांत किडे झाले. भरपाई जाहीर झाली फळबागांना हेक्टरी ५० हजार. आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात. पाच गुंठ्यांच्या वाडीतलं आयुष्यभराचं उत्पन्न हेक्टरच्या मापात घातलं की हातात काय येतं, ते तिसरीतलं पोर सांगेल.

मग पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. त्या जुलैत महाड बुडालं. सुपारी फोडणाऱ्या बायकांचं काम गेलं, शेजारचा मुलगा पनवेलला गोदामात लागला, एका घराला कुलूप लागलं. याला बातमी म्हणत नाहीत. कोणत्याही एका दिवशी कॅमेरा लावला असता तर दिसलं असतं : एक बाई झाडू मारते आहे.

म्हणून “प्रलय कधी येणार?” असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्या गावातली कुठली गोष्ट गेल्या दहा वर्षांत मुकाट्याने बंद पडली? बहुतेकांना सांगण्यासारखं काहीतरी असतं. कुणाची विहीर मार्चमध्येच मचूळ होते, कुणाच्या खाडीत एक मासा मिळेनासा झालेला असतो, कुणी वरकस जमिनीवर नाचणी लावणं सोडलेलं असतं. प्रत्येकाचं कारण हवामानच असेल असं नाही. मजुरी, बाजारभाव, मुलांची शिक्षणं, सगळंच त्यात असतं. हवामान आधीच्या भेगांतून आत शिरतं.

३. वादळ अटळ असलं तरी मरण अटळ नसतं.

हा धडा मी वर्गात फार उशिरा शिकवायला लागले, कारण पुस्तकात तो नव्हता. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशावर महाचक्रीवादळ आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या ऑक्टोबरात त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आलं, तेही अतितीव्र. पण त्याआधी दहा लाखांच्या आसपास लोकांना हलवलं होतं. मृत्यू पन्नासच्या आत राहिले. बांगलादेशाची गोष्ट याहून मोठी. १९७० च्या भोला वादळात तिथे किमान तीन लाख माणसं मेली. १९७२ पासून त्यांनी गावोगाव स्वयंसेवक तयार केले : कर्णा, झेंडे, सायकल, निवाऱ्याची जागा ठरलेली. २०२० च्या ‘अम्फान’मध्ये त्यांच्याकडचे मृत्यू काही डझनांत मोजले गेले.

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. तिथे २०१३ मध्ये उष्णतेला तोंड द्यायची शहराची योजना झाली. इशारा कोणी कोणाला द्यायचा, दवाखान्यांनी काय तयार ठेवायचं, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, असल्या साध्या गोष्टींची. कुठल्याही थोर शोधाची यात गरज पडली नाही.

याची उलटी बाजू आपल्या महाराष्ट्रात आहे आणि ती मला जास्त छळते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले. बाकीचे ५७ जण मिळालेच नाहीत, शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. म्हणजे यादी असणं पुरेसं नाही. यादी जुन्या पावसावर केलेली असते आणि नवा पाऊस तिच्यात राहत नाही. त्याआधी दोन वर्षं, २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं. त्याच्याही आधी, २००५ च्या जुलैत, त्याच तालुक्यात जुई आणि दासगाव. दर वेळी आपण म्हणालो, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आता आमच्या बचत गटात एक कामाचं पान आहे. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे गरोदर बाई आहे, कोणाकडे चारचाकी आहे, शाळेची किल्ली कोणाकडे असते. पावसाळ्याआधी ते पान नव्याने लिहायचं. किल्लीचा मुद्दा क्षुल्लक वाटतो ना? वादळाच्या दिवशी आमच्याकडे शाळेच्या दाराशी माणसं उभी होती आणि किल्लीवाला तालुक्याला अडकला होता.

४. सरासरी हा शब्द ऐकला की सावध व्हावं.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. एवढं एक सूत्र पाठ असलं तरी पुष्कळ कळतं. पाऊस वर्षाच्या बेरजेत तेवढाच दिसेल, पण पडताना एकदम पडेल आणि मधले दिवस कोरडे जातील. २२ जुलै २०२१ च्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. सोलापूर जिल्ह्यात अख्ख्या वर्षात पडतो साधारण तेवढा. ते पाणी सावित्रीतून महाडात उतरलं, आणि त्याच पावसात वासिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं.

मराठवाड्याने तर दोन्ही टोकं बघितली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात परांड्याच्या बाजूला लोकांना हेलिकॉप्टरने उचलत होते. या दोघांची सरासरी काढली तर उत्तम पाऊसमान निघेल.

५. तिथीची पाऊणपट.

कोकणातल्या कोणाही जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारा. तो बोटांवर तिथी मोजेल, तिची पाऊणपट करेल आणि वेळ सांगेल. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. माझ्या सासूबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या, पण हे गणित त्यांचं कधी चुकलं नाही. आजही चुकत नाही. चंद्र त्याच्या वेळेवर आहे.

बदललं आहे ते भरती जिथवर येते ते ठिकाण. आमच्या खालच्या अंगाला खाजण आहे. त्याचा बांध आजेसासऱ्यांच्या वेळचा, माती-दगडाचा. श्रावणातल्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याखाली किती राहतं ते घरात सगळ्यांना माहीत असायचं. आता उधाण आणि पाऊस आणि नैऋत्येचा वारा एका दिवशी जुळले की पाणी माथ्यावरून येतं, बांधाला खांड पडते आणि भाताच्या जमिनीत खारं पाणी बसतं. एकदा बसलेलं मीठ धुऊन निघायला एक-दोन पावसाळे जातात. समुद्र वीस सेंटिमीटरने वाढला म्हणजे आपण पायऱ्यांपासून वीस सेंटिमीटर मागे सरकायचं, असं लोकांना वाटतं. सपाट किनाऱ्यावर तसं होत नाही. वीत-दीड वीत वाढ आणि तिच्यावर स्वार झालेलं उधाण शेतात कुठवर पोचेल, हे जमिनीचा उतार ठरवतो.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की अरबी समुद्रात २००१ ते २०१९ या काळात चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली. ती टिकतातही जास्त वेळ. माझ्या विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षं सांगितलं, वादळं बंगालच्या उपसागरात, अरबी समुद्र तुलनेने शांत. पाठ्यपुस्तकात तेच होतं आणि तेव्हा ते खरंही होतं.

६. सगळे एकाच नावेत आहेत, हे भाषणापुरतं.

एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो, एका अमेरिकनाच्या चौदाच्या आसपास. हा हिशेब सांगितला की सभेत टाळ्या पडतात. पण त्या दोन टनांमध्ये माझे किती आणि आमच्या वाडीत झापा विणणाऱ्या कातकरी बाईचे किती, असं विचारलं की सभा शांत होते. तिच्या नावावर जमीन नाही, म्हणून हेक्टरी भरपाई नाही. झोपडीचा पंचनामा झाला, तर तो घरपट्टी नाही म्हणून अडला. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानातल्या सोहळ्यात उष्माघाताने चौदा माणसं गेली. त्या दिवशीचं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं, विदर्भाच्या मानाने काहीच नाही. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही हे दहावीच्या पुस्तकात असतं. मांडवाखाली कोण होतं आणि उन्हात कोण, हे पुस्तकात नसतं.

७. मूल होऊ द्यावं का, या प्रश्नाला आकड्याने उत्तर देऊ नये.

माझी पुतणी मुंबईत नोकरी करते. लग्नाला काही वर्षं झाली. गणपतीत आली होती, आरती झाल्यावर मागच्या पडवीत बसून म्हणाली, “काकू, खरं सांग, या जगात मूल आणावं का?” घरातल्या बाकीच्यांना वाटत होतं ही करिअरसाठी थांबली आहे. ती रात्र-रात्र हवामानाचे अहवाल वाचत होती.

अशा वेळी घरोघरी एक ठेवणीतलं उत्तर असतं : प्लेगच्या साथीत, दुष्काळात लोकांना मुलं झालीच की. मला ते पटत नाही. दुष्काळात मूल झालेल्या बाईला बहुधा विचारलंच गेलं नव्हतं, आणि पुढच्या साली पाऊस येईल अशी तिला निदान आशा होती. माझ्या पुतणीला विचार करायची मोकळीक आहे आणि समुद्र उतरणार नाही हे तिला ठाऊक आहे. तिच्या प्रश्नाला वेडेपणा म्हणणं हा तिचा अपमान झाला असता.

मी तिला एवढंच म्हटलं, की आत्ता जन्मलेलं मूल २१०० साली पंचाहत्तरीला येईल. दोन अंशांचं जग की तीन अंशांचं, हा वाद म्हणजे त्या मुलाची चाळिशी आणि साठी कशी जाईल याचा वाद. तो अजून मिटलेला नाही. “मग म्हणजे हो म्हणतेस?” तिने विचारलं. मी म्हटलं, मी काहीच म्हणत नाही, तुझ्या पोटचा प्रश्न आहे. जाऊबाई आतून सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांना माझ्याकडून ‘हो’ हवं होतं.

तिने काय ठरवलं ते लिहिणार नाही. तो तिचा खासगी मामला आहे. पण त्या संध्याकाळनंतर ती रात्री अहवाल वाचत नाही.

८. अहवाल दिवसा वाचावेत.

वर आलंच आहे म्हणून थोडक्यात. रात्री वाचलेला आकडा आणि सकाळी चहानंतर वाचलेला तोच आकडा यांचा माणसावर होणारा परिणाम वेगळा असतो. वाचून झाल्यावर त्या माहितीचं आपल्याला काय करायचं आहे ते एका ओळीत लिहायचं. काहीच करायचं नसेल तर तसं लिहायचं. ही माझी रीत, दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

निराशेबद्दल मात्र एक बोलते, राग आला तर येऊ दे. “आता काही उपयोग नाही” असं म्हणणारी जी माणसं मला भेटतात, त्यांतल्या बहुतेकांना पेन्शन असते, माझ्यासारखीच. बंदरावर सुकी मासळी विकणारी कोळीण असं म्हणत नाही. पण ती आशावादी आहे म्हणून नव्हे. तिला त्या दिवशीचा बाजार गाठायचा असतो. तिचं कौतुक करण्यातही एक लबाडी आहे. गरीब माणूस किती चिवट, असं म्हणत आपण त्याच्या चिवटपणावर सगळा भार टाकून मोकळे होतो. त्या कोळणीला बर्फ स्वस्त मिळायला हवा, आणि वादळाच्या इशाऱ्यामुळे बोटी बंद राहिल्या त्या दिवसांची मजुरी मिळायला हवी. तिच्या डोळ्यांतली चमक वगैरे मी काही पाहिलेली नाही.

९. काय लावायचं, हा प्रश्न अगदी मातीत उतरून सोडवावा लागतो.

वादळानंतर आमच्या घरात यावर महिनोन् महिने वाद झाला. यजमानांचं म्हणणं, पोफळच लावायची, दुसरं काय येतं आपल्याला? दिरांचं म्हणणं, आता रिसॉर्टला जागा देऊन टाकू. मी मध्ये होते आणि दोघांना थोडं थोडं चूक ठरवत होते, त्यामुळे दोघेही माझ्यावर चिडलेले.

शेवटी वाडीचे पट्टे पाडले. समुद्राकडचा पहिला पट्टा सोडून दिला, म्हणजे उत्पन्नाची अपेक्षा सोडली. तिथे उंडी, भेंड, केवडा. ही इथलीच झाडं, खारा वारा सोसतात. सुरू लावायचा आग्रह होता, कारण तो लवकर वाढतो आणि पर्यटकांना आवडतो. पण किनाऱ्यावरचे सुरू कसे आडवे झाले ते सगळ्यांनी पाहिलं होतं. खाडीच्या बाजूला कांदळ आपोआप येत होती, ती तोडायची नाही एवढंच ठरवलं. पूर्वी आम्हीच ती सरपणाला आणायचो. २०१२ पासून राज्याचा वेगळा कांदळवन कक्ष आहे, तरी गावात अजून पुष्कळांना ती अडगळच वाटते. मधल्या पट्ट्यात माड आणि त्यांच्या आडोशाला पोफळी, आधीपेक्षा कमी. आतल्या अंगाला कोकम आणि जायफळ. एकाच वादळात सगळं जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

यजमानांनी पोफळीची रोपं लावली तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. लोक म्हणाले, काय हा विश्वास! विश्वास कसला, भांडण होतं ते. रिसॉर्टविरुद्धचं. रोपं लावून झाल्यावर ती जागा रिकामी आहे असं दिरांना म्हणता येईना.

१०. मागे सरकण्याची बोलणी उभ्या घरात करावीत, पडक्या घरात नव्हेत.

हे सगळ्यात अवघड, आणि यात आम्ही अजून कुठेच पोचलेलो नाही. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यात साताभाया नावाचा गावांचा पुंजका होता. समुद्र एकेक गाव घेत गेला. उरलेल्यांना सरकारने आतल्या बाजूला बागापाटियाला नेऊन वसवलं. फिजीमधलं वुनिदोगोलोआ हे गाव २०१४ मध्ये अख्खंच्या अख्खं टेकडीकडे हललं. या दोन्ही ठिकाणी लोकांना जायला जागा होती.

आमच्याकडे समुद्रापासून मागे सरकायचं तर डोंगर येतो. तळिये, जुई, दासगाव, इर्शाळवाडी ही नावं ज्या डोंगरांची, त्याच सह्याद्रीची ही टोकं. पायथ्याला घर बांधायचं तर वरची माती किती खोल आहे, झरा कुठून फुटतो, वर कोणी रस्त्यासाठी उतार कापला आहे का, हे आधी बघावं लागतं. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटासाठी जे सांगितलं, त्याला कोकणात ‘विकासविरोधी’ म्हणून हाकलून लावलं गेलं. मी स्वतः त्याविरोधातल्या सभांमध्ये मागच्या बाकावर बसलेली असे. आता त्याच गावांतले लोक भूवैज्ञानिक कधी येणार म्हणून तहसीलदार कचेरीत चौकशी करतात.

आमच्या मालकीचा वरच्या अंगाला एक तुकडा आहे. उतार सौम्य, कातळ वर आलेला, म्हणजे माती घसरण्याचं भय कमी. निदान दोन खोल्यांचं, स्लॅबचं, धान्य आणि कागदपत्रं आणि म्हातारी माणसं ठेवता येतील असं काही तिथे बांधावं, यावर घरातली बहुतेक माणसं राजी आहेत. पण सातबाऱ्यावर आजेसासऱ्यांच्या नावाखालची अख्खी पिलावळ आहे. काही मुंबईत, एक जण दुबईत, एका चुलत जावेचा पत्ताच लागत नाही. दुबईवाल्या पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंय, तिथे समुद्र दिसतो का? दिसत असेल तर त्याचा हिस्सा तो सोडणार नाही. तलाठी म्हणतात सगळ्यांच्या सह्या लागतील. गणपतीत सगळे येतात, तेव्हा बसायचं ठरलंय. दिरांनी आतापासून सांगून ठेवलंय, आरतीच्या आधी बसू, नंतर कोणी जागेवर राहत नाही.